कर्कपेशींची भूक, प्रकाशाची साक्ष

अंधेरी पूर्वेला मरोळ औद्योगिक वसाहतीला लागून असलेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये उभे राहिले. प्रारंभी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी राखलेल्या या क्षेत्रात पुढे दागिन्यांचे उद्योग आले आणि हिरेजडित अलंकारांची निर्यात ही त्याची मोठी ओळख झाली. या व्यापारात अलीकडच्या वर्षांत एक अडचण उभी राहिली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आणि खाणीतून काढलेला हिरा भिंगाखाली सारखेच दिसतात, मुरलेल्या जवाहिऱ्यालाही ते ओळखता येत नाहीत. त्यामुळे रत्नपरीक्षण प्रयोगशाळांनी प्रकाशाचा आधार घेतला. खड्यावर लेसरचा किरण टाकायचा आणि परत येणारा प्रकाश त्याच्या रंगांत विभागून वाचायचा. हिऱ्यातील कार्बनच्या जाळीची स्वतःची अशी एक रेषा त्या वर्णपटात उमटते, म्हणून खडा हिरा आहे की आणखी काही, हे कळते. तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, याचा माग त्याने उत्सर्जित केलेल्या मंद प्रकाशावरून लागतो. खड्याला ओरखडाही न पडता ही परीक्षा होते.

वर्णपट वाचण्याचे हेच शास्त्र मुंबईच्याच परिसरात गेली अनेक वर्षे माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूवर वापरून पाहिले जात आहे. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तेथील मुरली कृष्ण चिलकपाटी यांच्या प्रयोगशाळेने मुखकर्करोगाच्या रुग्णांच्या तोंडात प्रकाशतंतूची सळई धरून वर्णपट नोंदवले आणि त्यावरील निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. मरोळपासून खारघर तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. हिऱ्यासाठीची प्रकाशपरीक्षा व्यापारात रुळली, गालासाठीची मात्र अजून प्रयोगशाळा आणि मोठी रुग्णालये यांच्यापलीकडे गेलेली नाही. असे का झाले, आणि ती जायला हवी तर नेमकी कुठे, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

त्याचे कारण आकड्यांत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. यांपैकी ओठ व मुखपोकळीच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे १ लाख ४३ हजार, तर मृत्यू ८० हजारांच्या घरात होते. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. मुंबईला ही गोष्ट नवी नाही. टाटा रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्येच प्रसिद्ध केला होता. तंबाखू, चुना, सुपारी यांचा गालातील तोबरा आणि त्याच जागी उमटणारी गाठ यांचा संबंध मुंबईच्या डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू व सुपारीही तिच्या कक्षेत आल्या. तरीही २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील जवळपास चौथा हिस्सा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. मरोळ नाक्यावर २०१४ पासून मेट्रोची एक मार्गिका आहे आणि २०२४ मध्ये भुयारी मार्गिकाही येऊन मिळाली. नाक्याचा चेहरा बदलला, टपरीवरचा मावा आणि पुडी काही हटली नाही.

या रोगाचे दुर्दैव असे की तो डोळ्यांना दिसणाऱ्या जागी होतो आणि तरीही निम्म्याहून अधिक रुग्ण उशिरा, गाठ वाढल्यावर किंवा मानेतील ग्रंथी सुजल्यावर रुग्णालयात येतात. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात एकदा तरी मुखतपासणी झाली आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ०.९ टक्के आणि पुरुषांचे १.२ टक्के निघाले. केंद्र सरकारने तीस वर्षांवरील सर्वांची दर पाच वर्षांनी मुखतपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्येच काढली होती. त्यानंतर सरकारी अहवालांतील तपासण्यांचे आकडे कोटींत गेले. पण त्यांपैकी किती तोंडे खरोखर उघडून, उजेडात पाहिली गेली, हे त्या आकड्यांवरून समजत नाही.

डोळ्यांना जे दिसते ते मुळात उशिराच दिसते, ही त्यातील शास्त्रीय अडचण आहे. गाठ, व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा ही पेशींच्या आत बराच काळ चाललेल्या उलथापालथीची बाहेरची खूण असते. उलथापालथ सुरू होते ती पेशींच्या स्वयंपाकघरात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज प्रचंड प्रमाणात खातात आणि प्राणवायू भरपूर उपलब्ध असतानाही ते पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. निरोगी पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेची सुमारे तीस नाणी मिळवते, अर्धवट मार्गाने मिळतात केवळ दोन. हा व्यवहार वरकरणी आतबट्ट्याचा वाटतो. वारबुर्ग यांनी त्याचा अर्थ असा लावला की या पेशींचे श्वसनयंत्रच बिघडलेले असते. त्यांचे निरीक्षण टिकले, निष्कर्ष मात्र मागे पडला. बहुतेक कर्कपेशींतील तंतुकणिका चालू असतात, असे नंतर दिसून आले. वेगाने दुप्पट होणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. नवे पटल, नवी प्रथिने, नवी जनुकद्रव्ये उभारण्यासाठी ग्लुकोजमधील कार्बन हवा असतो, आणि तो सगळा जाळून टाकणे तिला परवडत नाही, असे आजचे स्पष्टीकरण आहे.

या भुकेचा वैद्यकात वापर नवा नाही. पेट स्कॅन ही तपासणी तिच्यावरच उभी आहे. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर रुग्णाला टोचतात, ती ज्या ठिकाणी जास्त खेचली जाते ते ठिकाण पडद्यावर उजळते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि भारतात या तपासणीचे युग आले. त्या फ्लोरिनचे आयुष्य इतके अल्प, ११० मिनिटांत निम्मे होणारे, की तो शहराच्या आवाक्यातच तयार करावा लागतो. पेट स्कॅन रोग कुठे पसरला आहे हे उत्तम सांगते. मात्र काही मिलिमीटरच्या चट्ट्याबाबत ते मुके असते, दाह झालेली जागाही त्यात उजळते, खर्च मोठा आणि शरीरात किरणोत्सार जातो. गालावरच्या पांढऱ्या चट्ट्यासाठी दर सहा महिन्यांनी ते करणे शक्य नाही. म्हणून साखर न टोचता, बाहेरचे काहीही न घालता, पेशीच्या स्वतःच्याच रेणूंकडून तिच्या आहाराची साक्ष काढता येईल का, असा विचार पुढे आला.

असा एक साक्षीदार पेशीत असतोच. अन्नाच्या विघटनातून निघालेले इलेक्ट्रॉन वाहून नेणारा एनएडीएच नावाचा सहविकर प्रत्येक जिवंत पेशीत असतो. तो ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो आणि निळसर प्रकाश परत देतो. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. इलेक्ट्रॉन उतरवून रिकामा झाला की तो हा प्रकाश देत नाही. एफएडी या दुसऱ्या वाहकाचे नेमके उलट आहे. तो रिकामा असताना हिरवट प्रकाश देतो आणि भरला की विझतो. अमेरिकेतील पेनसिल्वानिया विद्यापीठाच्या ब्रिटन चान्स यांनी १९५० व १९६०च्या दशकांत हे निरीक्षण पद्धतशीरपणे वापरात आणले. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले की पेशी आपले अन्न पूर्ण जाळते आहे की अर्धवट मोडते आहे, याचा अंदाज बांधता येतो. त्याहून सूक्ष्म मोजमापही आहे. मोकळा फिरणारा एनएडीएच प्रकाश शोषल्यानंतर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या निम्म्याहून कमी काळात तो परत देऊन टाकतो, प्रथिनाला चिकटलेला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो. हा कालावधी मोजला तर किती वाहक मोकळे आणि किती कामाला जुंपलेले, याचा हिशेब लागतो.

अमेरिकेत रॉबर्ट अल्फानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कर्कग्रस्त व निरोगी ऊतींचे अनुस्फुरण वेगळे असते, असे दाखवले. ड्यूक विद्यापीठातील निर्मला रामानुजम यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर थेट गालावरचा होता, माणसाच्या नव्हे, हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या. गालाच्या पिशवीत रसायनाने कर्करोग निर्माण केल्यावर, गाठ होण्याआधीच्या अवस्थेतच एनएडीएचच्या प्रकाशाचा कालावधी बदललेला आढळला. म्हणजे पेशींचा आहार आधी बदलतो, रूप मागाहून. भारतात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर स्वतः बनवून मुखकर्करोगाच्या ऊतींचे अनुस्फुरण अभ्यासले. ही तरंगलांबी एनएडीएचला उद्दीपित करणाऱ्या पट्ट्यातच येते.

दुसरा मार्ग अस्सल भारतीय उगमाचा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात ज्या परिणामाचा शोध लावला, तोच हा मार्ग. प्रकाश एखाद्या पदार्थावरून विखुरतो तेव्हा त्याचा बहुतांश भाग जसाच्या तसा परततो. साधारण एक कोटी प्रकाशकणांतील एखादा मात्र रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन, रंग किंचित बदलून येतो. रंगातील हा फरक त्या रेणूची ओळख असते. इतक्या क्षीण संकेताचा जिवंत ऊतींवर उपयोग करण्यासाठी लेसर, संवेदनशील शोधक आणि संगणक यांची वाट पाहावी लागली, आणि त्यात अर्धे शतक गेले. याच तारखेचा एक योगायोग मुंबईशी निगडित आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो, पण या दोन घटनांचा एकत्र उल्लेख क्वचितच होतो.

अ‍ॅक्ट्रेकमधील काम या मार्गाने गेले. वापरलेला लेसर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ७८५ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचा असतो, कारण त्यात ऊतींचे स्वतःचे अनुस्फुरण आड येत नाही. सळई गालाच्या अस्तराला टेकवायची, काही सेकंद थांबायचे, आणि वर्णपट नोंदवायचा. निरोगी अस्तराच्या वर्णपटात स्निग्ध पदार्थांच्या रेषा ठळक असतात. कर्कग्रस्त ऊतींत त्या फिक्या पडतात आणि प्रथिने व जनुकद्रव्ये यांच्या रेषा वर येतात. पेशींची दाटी, वाढीचा वेग आणि पटलांची मोडतोड यांचे हे एकत्रित चित्र असते. चिलकपाटी यांचा गट, टाटा रुग्णालयातील शल्यविशारद पंकज चतुर्वेदी आणि सहकारी यांनी २०१२ मध्ये जिवंत रुग्णांतील कर्करोगपूर्व चट्टेही या पद्धतीने वेगळे काढता येतात, असे मांडले. तंबाखू खाणाऱ्याचे दिसायला निरोगी असलेले अस्तर आणि न खाणाऱ्याचे अस्तर यांतही फरक आढळला. पुढे याच संस्थेत रक्तद्रवाचे वर्णपट घेऊन कर्करोगाची, तसेच शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याची चाहूल लागते का, हे तपासले गेले. इंदूरच्या केंद्राने टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने केलेला असाच रुग्णाभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

इतके असूनही यंत्र दवाखान्यात का आले नाही, याचे सोपे उत्तर पैसा असे दिले जाते. ते अपुरे आहे. पहिली अडचण संकेताच्याच स्वभावात आहे. भुकेली पेशी म्हणजे कर्करोगाचीच पेशी असे नसते. जखम भरून येताना, दात टोचून झालेल्या व्रणात, दाहात पेशी वेगाने वाढतात आणि त्यांचाही आहार बदलतो. मुखकर्करोगाचा रुग्ण जो तोंड घेऊन येतो त्यात तंबाखूचे डाग, हिरड्यांचा दाह, सुपारीने ताठरलेले अस्तर हे सर्व एकाच वेळी असते. वयानुसारही अस्तर बदलते. निळ्या प्रकाशात अनुस्फुरण दाखवणारी हातात धरायची उपकरणे अमेरिकेत २००६ पासून दंतवैद्यांना उपलब्ध आहेत. त्यांत संशयित जागा काळसर दिसते, पण साधा व्रणही तसाच काळसर दिसतो. अमेरिकी दंतवैद्यक संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये सर्वसाधारण दवाखान्यात अशा उपकरणांची शिफारस करण्यास नकार दिला आणि संशयित जागेची बायोप्सी हाच मार्ग कायम ठेवला. प्रकाशाच्या पुरस्कर्त्यांनी हा नकार मनावर घ्यायला हवा. मोठ्या लोकसंख्येत चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढले तरी हजारो निरोगी माणसे बायोप्सीच्या रांगेत उभी राहतात, आणि टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील आजची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. एका प्रयोगशाळेतील यंत्राचा वर्णपट दुसऱ्या यंत्राच्या वर्णपटाशी तंतोतंत जुळत नाही. सळईची काच, शोधकाची संवेदनशीलता, गालावर पडलेला दाब, यांतील प्रत्येक गोष्ट आपला ठसा उमटवते. त्यातून निरोगी आणि कर्कग्रस्त हा भेद संगणकीय पद्धतीने शिकवला जातो, आणि ज्या रुग्णांवर यंत्र शिकले त्याच प्रकारच्या रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली की निकाल नेहमीच देखणे येतात. जगभरातील अशा अभ्यासांत रुग्णसंख्या बहुधा काही शेकड्यांतच राहिली आहे. हिऱ्यांच्या बाबतीत ही अडचण नव्हती, कारण मुंबईतला असो की अँटवर्पमधला, हिऱ्याची रेषा एकाच जागी पडते. माणसाचा गाल तसा नसतो.

मग साध्या विजेरीचे काय? केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे केवळ उजेडात, डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. टाटा रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगर, लावून पाहत. त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते अनाठायी नव्हते. पण पद्धतीचे यश निर्विवाद राहिले. गंमत अशी की व्हिनेगरची ही युक्तीदेखील प्रकाशाचीच आहे. आम्लाने दाट केंद्रके असलेल्या पेशींतील प्रथिने गोठतात, त्या प्रकाश जास्त विखुरतात आणि पांढऱ्या दिसतात. वर्णपटमापक नाही, लेसर नाही, शोधक म्हणून माणसाचा डोळा पुरतो.

या दोन चाचण्यांसमोर ठेवून पाहिले तर मरोळसारख्या वस्तीत घरोघर तपासणीसाठी लेसरचे यंत्र नेण्याची कल्पना टिकत नाही. तिथे विजेरी, हातमोजे, आशा सेविकेला योग्य मानधन आणि पुढच्या रुग्णालयात पाठवण्याची चोख व्यवस्था यांवर खर्च झालेला रुपया अधिक जीव वाचवील. प्रकाशाच्या वर्णपटाला दुसरी, अरुंद पण महत्त्वाची जागा आहे. ती विजेरीने चट्टा सापडल्यानंतरची आहे. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुसंख्य चट्टे कर्करोगात कधीच बदलत नाहीत. जे बदलतात ते कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखालील चित्रावरून नेहमी सांगता येत नाही. दोन इंचांच्या चट्ट्यातील कोणत्या टोकाची बायोप्सी घ्यावी, हाही डॉक्टरांचा नित्याचा पेच आहे. चुकीच्या टोकाचा तुकडा निर्दोष निघतो आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. पेशींच्या आहारातील बदल रूप बदलण्याआधी होत असेल, तर या दोन प्रश्नांवर तो बदल वाचणाऱ्या यंत्राचा उपयोग आहे. येथे रुग्ण मोजके असतात, त्यांची जोखीम आधीच वाढलेली असते आणि चुकीच्या इशाऱ्याची किंमत एखादी जादा बायोप्सी एवढीच असते.

तिसरी जागा शस्त्रक्रियागृहात आहे. गालाचा कर्करोग काढताना भोवती पाच मिलिमीटर निरोगी ऊती सुटली तर कड स्वच्छ मानली जाते. कमी सुटली तर रोग उलटतो, जास्त कापली तर रुग्णाचे बोलणे, गिळणे आणि चेहरा जातो. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी जिभेच्या व तोंडाच्या गाठींची कड ऊतींतील पाण्याच्या प्रमाणावरून रामन वर्णपटाने ओळखता येते, असे २०१५ मध्ये दाखवले. त्याच वर्षी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मेंदूच्या गाठीवरील शस्त्रक्रियेत हातात धरायची रामन सळई वापरली गेली. जगात या तंत्राचे पाऊल वेगाने पडत आहे ते अशा ठिकाणी, जिथे प्रत्येक मिलिमीटरचा निर्णय तत्काळ हवा असतो. मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रिया टाटा रुग्णालयाइतक्या संख्येने करणाऱ्या संस्था जगात फार थोड्या असतील. ही चाचणी करण्यास मुंबईपेक्षा योग्य शहर शोधूनही सापडणार नाही.

मूलभूत संशोधनातही मुंबईच्या हाती एक पत्ता आहे, जो अजून नीट खेळला गेलेला नाही. पेशी काय खाते हे पाहण्याची एक नवी पद्धत जड पाण्यावर आधारलेली आहे. साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेले हे पाणी थोड्या प्रमाणात पेशींना दिले की त्यांनी नव्याने बांधलेल्या स्निग्ध पदार्थांत आणि प्रथिनांत ड्युटेरियम शिरते. कार्बन व ड्युटेरियमच्या बंधाची रामन रेषा वर्णपटाच्या अशा भागात येते जिथे पेशीतील इतर रेणू गप्प असतात. त्यामुळे जुने बांधकाम आणि नवे बांधकाम वेगळे दिसते, आणि गाठीची कड कुठे वाढते आहे याचा नकाशा मिळतो. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील वेई मिन आणि लिंगयान शी यांच्या गटाने २०१८ मध्ये ही पद्धत प्राण्यांत यशस्वी करून दाखवली. जड पाण्याच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे. जड पाणी मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरला, तर एक मोठा प्रकल्प अलिबागजवळ थळ येथे, रेवस बंदरापासून फारसा दूर नाही. अणुभट्ट्यांपलीकडच्या उपयोगांसाठी जड पाणी पुरवण्याचे धोरणही मंडळाने स्वीकारले आहे. विशेष म्हणजे जड पाणी मंडळ, टाटा स्मारक केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचे लेसर केंद्र, हे सर्व एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली येतात. पवईची आयआयटी मरोळपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि टाटा स्मारक केंद्राशी तिचे सहकार्य किती फलदायी ठरू शकते हे २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या स्वदेशी कार-टी उपचाराने सिद्ध केले आहे.

त्या उपचाराच्या यशात एक धडा दडलेला होता. संशोधन निबंधावर थांबले नाही, उत्पादन करणारी कंपनी उभी राहिली, रुग्णांवरील चाचण्यांचे टप्पे पार पडले आणि औषध नियंत्रकाची मान्यता घेतली गेली. वर्णपटाच्या यंत्राबाबत ही साखळी मध्येच तुटते. २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम आणि २०२० पासून सर्वच उपकरणांना लागू झालेले नियंत्रण यांमुळे आता मार्ग निश्चित आहे, पण तो चालायला अनेक रुग्णालयांतील, सारख्या यंत्रांनी, आधी ठरवलेल्या निकषांवर केलेली चाचणी लागते. असे काम कंटाळवाणे असते. त्यातून नवा निबंध निघेलच असे नाही, पीएच.डी. तर नाहीच, आणि संशोधन संस्थांचे मूल्यमापन अजूनही निबंधांच्या संख्येवर होते. लेसर आणि शीत शोधक बहुधा परदेशातून येतात. त्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ रुग्णालयाच्या आकृतिबंधात नसतो. मरोळ वसाहतीत एकेकाळी यंत्रसामग्रीचे कारखाने होते, त्यांपैकी अनेकांच्या जागी आज काचेची कार्यालये आहेत. वैद्यकीय प्रकाशयंत्रे बनवण्याचे कौशल्य शहरात टिकवायचे, तर त्याला निश्चित खरेदीदार लागेल, आणि तो राज्य सरकार किंवा महापालिका यांच्याखेरीज दुसरा कोणी नाही.

पहिली गरज मात्र यंत्राची नाही, वेळेची आहे. पांढरे चट्टे असलेल्या काही हजार रुग्णांचे वर्णपट आज नोंदवून ठेवायचे, त्यांना तंबाखू सोडण्यासाठी मदत करायची, आणि पाच-सात वर्षे त्यांचा पाठपुरावा करून कोणाला कर्करोग झाला, कोणाचा चट्टा विरला हे पाहायचे. आहारातील बदल खरोखर आधी दिसतो का, आणि तंबाखू सुटल्यावर पेशींचा आहार पूर्ववत होतो का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतील. आतापर्यंतच्या बहुतेक अभ्यासांनी रुग्णाला एकदाच पाहिले आहे. मुंबईत रुग्णाचा पत्ता बदलतो, भाड्याची खोली सुटते, तो गावी जातो, आणि पाठपुरावा तुटतो. पण याच शहरात भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवही सुरू केली आणि ती सहा दशके चालवली. वर्णपटांची नोंद या नोंदवहीशी जोडली, तर हरवलेल्या रुग्णांपैकी ज्यांना पुढे कर्करोग झाला, त्यांचा ठावठिकाणा निदान तिथे तरी लागेल. असा अभ्यास आज सुरू झाला तरी त्याचे पहिले निष्कर्ष येण्यास या दशकाचा शेवट उलटून जाईल. तोवर मरोळहून परळला जाणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘पांढरा चट्टा, सहा महिन्यांनी पुन्हा यावे’ एवढाच शेरा पडत राहील.